पळायला साडेतीन तास, वय सिद्ध करायला साडेतीन महिने

आधीच सांगते, यात धावण्याबद्दल कमी आणि एका कागदाबद्दल जास्त आहे. माझा राग अजून गेलेला नाही आणि घरात सगळे ऐकून कंटाळलेत, म्हणून लिहून काढतेय.

मी पंचावन्नाव्या वर्षी पळायला लागले. लॉकडाऊननंतर शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणाले चाला. मग पुण्यात वेताळ टेकडीवर चालायला लागले, तिथे एक ग्रुप पळायचा, त्यांच्या मागे मागे थोडं पळू लागले आणि झालं. पहिली पाच किलोमीटर, मग दहा, मग हाफ मॅरेथॉन. साताऱ्याची हिल हाफ केली, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तसाच उतरायचा. चढाला काही वाटत नाही, उतरताना मांड्या बोलतात. रस्त्यावर कोणी ना कोणी ओरडतंच, ओ लता करे! बारामतीच्या त्या लताबाई नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी नऊवारीत अनवाणी पळाल्या होत्या, माझ्या पायात साडेसात हजाराचे बूट, त्यामुळे मला ते ऐकून लाजच वाटते. पण माहेर माणातलं आहे, धावपटू ललिता बाबरच्या तालुक्यातलं, तेवढा माज मी करते.

तर गेल्या वर्षी, २८ सप्टेंबरला, मुळशीकडे एक ट्रेल रेस, म्हणजे डोंगरवाटांवरून पळायची शर्यत, होती. नाव घेत नाही. २१ किलोमीटर, साधारण सातशे मीटर चढ, कटऑफ, म्हणजे पूर्ण करायची मुदत, साडेचार तास. जुलैमध्ये मुलीने फॉर्म भरून दिला. कॅटेगरी महिला ६० प्लस, जन्मतारीख ०१/०६/१९६५, आधारचा फोटो अपलोड, पैसे भरले, मेल आला, सगळं पाच मिनिटांत. मेडिकल सर्टिफिकेट मागितलं होतं तेही मिळालं. (हे मात्र मनापासून सांगते, साठीनंतर नुसती सही आणू नका. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करूनच घ्या, आणि बीपीची गोळी चालू असेल तर ती रेसच्या पहाटे कधी घ्यायची हेही विचारून घ्या. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर खाल्ली आणि पळाले, त्यावर डॉक्टर जे बोलले ते ऐकून मी पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला धरतात.)

रेस झकास झाली. सड्यावर सोनकी फुललेली, खाली भातखाचरं, ओढ्यात गुडघाभर पाणी. दोनदा पडले, एकदा शेवाळावर आणि एकदा उगाचच. ३ तास ३८ मिनिटं. ६० प्लसमध्ये दुसरी! माईकवर माझं नाव पुकारलं तेव्हा मी मिसळ खात होते, तशीच तर्रीच्या हाताने पळत गेले.

आणि इथून सुरू झालं.

स्टेजच्या बाजूला एक टेबल, तिथे विजेत्यांचं वय तपासत होते. पोरगा असेल तेवीस चोवीसचा. त्याने माझं आधार बघितलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "काकू, यावर तारीखच नाहीये." खरंच नाही. माझं आधार २०११ चं, त्यावर जन्म वर्ष १९६५ एवढंच छापलंय. मी म्हटलं, मग? ६५ पासून आजपर्यंत साठ होतात, तूच मोजून बघ. तो म्हणाला, "काकू, तुम्ही डिसेंबरच्या असाल तर आज एकोणसाठच्या." आता याच्यावर काय बोलणार, बरोबरच होतं की ते! पण हेच आधार जुलैमध्ये तुम्ही घेतलंत ना, तेव्हा का नाही बोललात, असं विचारलं तर म्हणे अपलोड सिस्टीम घेते, चेक आम्ही करतो. वर आणखी एक ऐकवलं, तारीख असती तरी आम्ही जोडीला दुसरा पुरावा मागतोच, कारण हल्लीच्या आधारवर लिहिलेलंच असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पंधरा दिवसांत मेल करा, तोपर्यंत ट्रॉफी आमच्याकडे. स्टेजवर पहिली आणि तिसरी उभी राहिली, मध्ये जागा रिकामी. फोटोत ती रिकामी जागा अजून आहे.

घरी येताना गाडीत मला फौजासिंग आठवले. २०११ मध्ये टोरांटोला वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांनी अख्खी मॅरेथॉन ८ तास ११ मिनिटांत पूर्ण केली आणि गिनीजने नोंद घेतली नाही, का तर जन्माचा दाखला नाही. पासपोर्टवर १ एप्रिल १९११ अशी तारीख होती, तरी नाही. तेव्हा ते पेपरात वाचून मी हसले होते.

आता माझ्याकडे होतं काय? सातवी शिकलेली, त्यामुळे बोर्डाचं सर्टिफिकेट नाही. पासपोर्ट नाही. जन्माची नोंद गावात कुणी केलीच नाही. पॅन कार्ड आहे पण त्यावर एजंटने १९६६ टाकलंय, ते मी कुणाला दाखवलं नाही, तुम्हीही सांगू नका. राहिला शाळा सोडल्याचा दाखला, तो लग्नानंतर कुठे गेला देवाला माहीत.

म्हणजे माण तालुक्यात जा, शाळेतून रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा आणा. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे हे बरं, कारण मला एकदा नाही, चारदा जावं लागलं. पहिल्यांदा गेले ते रेसनंतर तिसऱ्याच दिवशी, स्वारगेटवरून, मांड्या अशा आखडलेल्या की दहिवडीला कंडक्टरने हात धरून उतरवलं, म्हातारीला सांभाळून उतरा म्हणाला. म्हातारीने परवा डोंगर पार केलाय हे त्याला कोण सांगणार. शाळेत गेले तर मुख्याध्यापक मतदार यादीच्या कामाला आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. दुसऱ्या बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, पण किल्ली कुठून देणार. फोन नंबर घेतला, उद्या फोन करा म्हणाल्या. (म्हणून सांगते, निघायच्या आधी फोन. जिल्हा परिषदेच्या शाळेत क्लार्क नसतो, सगळं एकट्या गुरुजींवर असतं, आणि ते शाळेत असतीलच असं नाही.)

दुसऱ्यांदा गेले तर गुरुजी होते, पण १९७० सालाकडचं रजिस्टर नव्हतं. कुणबी नोंदी शोधायला तालुक्याला नेलंय, आलं की कळवतो. मला म्हणाले, "ताई, जातीच्या दाखल्यासाठी हवंय ना?" मी म्हटलं नाही, पळायच्या शर्यतीत दुसरी आले, ट्रॉफी अडकलीय. गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले, मग बाजूच्या बाईंना म्हणाले, इतक्या वर्षांत हे कारण पहिल्यांदाच. अर्जात कारण काय लिहू यावर आमची दहा मिनिटं गेली. शेवटी "क्रीडाविषयक कामी" असं लिहिलं.

तोवर पंधरा दिवस संपले. मेल केला की शाळेकडून यायचंय, मुदत द्या. उत्तर आलं, नोटेड. बस, एवढंच, नोटेड! मुदत दिली की नाही दिली? पुन्हा विचारलं, पुन्हा नोटेड. मग दिवाळीची सुट्टी. मग गुरुजींना निवडणुकीचं ट्रेनिंग. मी रोज पहाटे टेकडीवर जायचे आणि माझ्या लक्षात आलं की मी रागारागात पळतेय आणि टायमिंग सुधारतंय. पण तसं करू नका, नोव्हेंबरमध्ये पोटरी धरली, तीन आठवडे गेले. आमच्या वयात कळ गेली की लगेच पळायचं नसतं, त्यानंतर आठवडाभर नुसतं चालायचं, हे मला माहीत असून मी पळाले.

तिसऱ्या खेपेला रजिस्टर सापडलं. गुरुजींनी पान उघडलं, बोटाने खाली खाली आले आणि थांबले. कु. छबू, पुढे वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख १-६-१९६५. मी म्हटलं हीच मी! गुरुजी म्हणाले, "आधारवर तर शुभांगी आहे." अहो, लग्नात नाव बदललं ना! ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं, पेढे वाटले, झाली शुभांगी. नाव बदललं, वडिलांच्या जागी नवरा आला, आडनाव बदललं. कागदावर ती छबू आणि मी यात एक अक्षर सारखं नाही. तेव्हा कोण गॅझेट करत होतं, लग्नसुद्धा नोंदवलं नव्हतं. गुरुजी बिचारे म्हणाले, मी रजिस्टरात आहे तेच देऊ शकतो, ती बाई म्हणजे तुम्ही हे तुम्हीच सिद्ध करा. प्रवेश निर्गम उतारा हातात मिळाला, सही शिक्क्यासकट, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा वाटत होता.

त्या पानावर एक गंमत बघितली. ओळीने अकरा पोरं, अकराच्या अकरा १ जूनची! शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून घेऊन कान धरायला लावायचे, कानाला हात पोचला की सहा पूर्ण, तारीख १ जून. आमच्या घरात ह्यांचीही १ जूनच, म्हणून तर हे ३१ मेला रिटायर झाले, पहिल्या तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याअखेरीला घरी पाठवतात. दरवर्षी बँकेचे दोन मेसेज एकदम येतात, हॅपी बर्थडे.

पण तिथेच बसल्या बसल्या मला आईचं आठवलं. आई सांगायची, कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तू झोळीत होतीस, तुला घेऊन अंगणात पळाले. कोयनेचा भूकंप म्हणजे डिसेंबर १९६७. दोन अडीच वर्षांची पोर झोळीत कशाला असेल? मी दादाच्या मागे मागे शाळेत जायचे म्हणून गुरुजींनी माझंही नाव घालून टाकलं असणार. म्हणजे आईचं खरं धरलं तर रेसच्या दिवशी मी अठ्ठावन्न एकोणसाठची, आणि त्या खालच्या गटात माझा नंबर बारावा तेरावा आला असता. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "गप की ग, कशाला उकरतीस." बरोबर आहे, ह्यांची नोकरी, माझं मतदान, बँक, सगळं याच तारखेवर चाललंय. पण तिसऱ्या नंबरच्या बाई त्रेसष्टच्या आहेत आणि त्यांच्याकडे नगरपालिकेचा जन्मदाखला आहे, हे मधूनमधून टोचतं. त्या आता रविवारी टेकडीवर येतात. त्यांना मी हे सांगितलेलं नाही.

असो. चौथी खेप ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठी, की छबू आणि शुभांगी एकच. इकडे पुण्यात सेतूमध्ये प्रतिज्ञापत्र केलं, तेच, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. शोधताना ह्यांच्या जुन्या फायलीत माझं पहिलं मतदार ओळखपत्र सापडलं, निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळातलं, काळाकुट्ट फोटो, खाली लिहिलंय १-१-१९९५ रोजी वय २९. ते पण जोडलं. मुलीने सगळ्याची पीडीएफ करून इंग्रजीत कडक मेल लिहिला. उत्तर, नोटेड. मग ती चिडून फोनला बसली, सहाव्या फोनला कोणी नवीन मुलगी लागली, ती पाच मिनिटांत म्हणाली, "मतदार कार्ड आणि उतारा पुरे आहे मॅडम, ट्रॉफी पाठवते." प्रतिज्ञापत्र तिने उघडलंसुद्धा नाही!

त्यामुळे पन्नाशी साठीतल्या बायकांनो, बूट अर्धा नंबर मोठा घ्या (उतारावर अंगठा पुढे आपटतो, माझी दोन नखं काळी होऊन गेली), आठवड्यातून दोनदा मांड्यांचे व्यायाम करा, हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल. मी सांगते ते कोणी सांगत नाही. तारीख असलेला एक कागद आत्ताच तयार ठेवा, लग्नानंतरच्या नावाचा. आधारवर जन्मतारीख दुरुस्त करायची तर ती एकदाच करता येते, त्यामुळे घाईत काहीतरी टाकून येऊ नका. आणि गटात बसण्यासाठी वय कोणत्या दिवशीचं धरतात ते फॉर्म भरतानाच वाचा, काही ठिकाणी रेसच्या दिवशीचं असतं, काही ठिकाणी ३१ डिसेंबरचं.

१० जानेवारीला खोकं आलं. ट्रॉफी छान आहे, जड आहे, नाव शुभांगीच आहे, ह्यांनी टीव्हीशेजारी ठेवली. आत बक्षिसाचं कुपन होतं, तीन हजारांचे बूट. उलटून बघितलं तर मागे छापलंय, मुदत ३१ डिसेंबर. मेल केलाय. नोटेड म्हणून उत्तर आलंय.