तिरकस की खोचक?

"आई, सार्कास्टिक म्हणजे तिरकस की खोचक?"

लेक इंग्रजीच्या पेपरासाठी शब्द पाठ करत होती. उतारा वाचून लेखकाचा सूर ओळखायचा, म्हणून चाळीसेक शब्दांची यादी. मी कणीक मळता मळता म्हटलं, "दोन्ही सारखंच गं."

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "हो तर! आमच्या सूनबाईंना सगळंच सारखं."

लेक हसतच सुटली. "आजी, हे खोचक!"

मग माझंच मन त्यात अडकलं. तिरकस बोलणं वाकड्या वाटेनं येतं, समोरच्याला कधी कळतही नाही. खोचक मात्र नेमकं बोचतं. मिश्कील बोलणाऱ्याच्या डोळ्यांत हसू असतं, कुत्सित बोलणाऱ्याच्या फक्त ओठांवर. उपहासात तर 'हास' आहेच, पण उपरोध? शब्दकोश उघडला. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा! तिथून हा टोमण्यांच्या घोळक्यात कसा आला, देव जाणे.

पेपरात एकाच शब्दावर खूण करायची असते. सासूबाईंच्या त्या वाक्यात मात्र मला खोच ऐकू आली, थोडी मिश्कीलीही, आणि (कबूल करते) जरासं कौतुकसुद्धा. की ते मी माझ्या सोयीनं ऐकलं?

पोळ्या झाल्यावर म्हणाल्या, "आज अगदी गोल झाल्यात हो."

लेकीनं यादी पुढे सरकवली. मी अजून शोधतेय. तुम्ही काय लिहाल?