नातं सिद्ध करा म्हणे!

लेकीला ‘डॉटर्स ऑफ द रिपब्लिक ऑफ टेक्सस’चं सभासदत्व हवं होतं. टेक्सस स्वतंत्र देश होता, तेव्हाच्या रहिवाशांच्या वंशज बायकांची ही संस्था. टेक्सस अमेरिकेचं राज्य झालं डिसेंबर 1845 मध्ये, पण जुन्या सरकारने कारभार सोपवला 19 फेब्रुवारी 1846 ला. त्याआधीच्या टेक्ससवासीयाचे तुम्ही थेट वंशज हवेत. घराणं नवऱ्याचं, पण त्याला कागद बघून झोप येते. म्हणून अर्जाला मी बसले, साताऱ्याची सून नव्हे, लेक!

अलीकडच्या पाच पिढ्या महिन्याभरात जुळल्या. अडलं 1850 च्या जनगणनेपाशी. आमची खापरपणजी तिथे सहा वर्षांची, मूळ पुरुषाच्याच घरात. पण त्या वर्षी घरातल्या, गुलाम नसलेल्या सगळ्यांची नावं लिहिली, नाती नाहीत. नात्याचा रकाना आला 1880 मध्ये. संस्थेने विचारलं, एका छपराखाली राहते म्हणजे मुलगी कशावरून? भाची असेल, अनाथ पोर असेल. रागावले, पण मुद्दा खरा होता.

मग वारसाचे कागद शोधायचे. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तेच: “सूचीत नाव नाही.” पत्र पाठवलं, सोबत शुल्क. सात आठवड्यांनी उत्तर, सूचीत नाव नाही. शुल्क परत नाही.

या संस्थेतली आदिना दे झावाला 1908 साली आलामोतली (1836 च्या लढाईचं ऐतिहासिक ठिकाण) जुनी इमारत वाचवायला तीन दिवस आत कोंडून घेऊन बसली होती. मलाही त्या कचेरीत तेच करावंसं वाटायला लागलं.

शेवटी तीन तास गाडी हाकत गेले आणि सूची स्वतः चाळली. आडनाव ‘सी’ऐवजी ‘के’खाली! कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. तेव्हा फोनवर विचारू नका, आणि आडनावाची चारपाच स्पेलिंगं घरूनच लिहून न्या. (त्याही आधी राज्याच्या जमीन कार्यालयाच्या संकेतस्थळावर मूळ पुरुषाची जमीन शोधा, ते फुकट आहे. मला हे उशिरा कळलं.)

गठ्ठ्यात 1858 ची वारसांची यादी होती. तिसरं नाव आमच्या खापरपणजीचं, पुढे स्वच्छ ‘मुलगी’. मी तिथेच टेबलावर हात आपटला.

त्याच गठ्ठ्यात मालमत्तेची मोजदाद होती. नांगर, बैलजोडी, अकरा गाई, आणि त्याखाली चार माणसं. आडनावं नाहीत, नाव, वय, डॉलर. सर्वांत धाकटा चार वर्षांचा.

अर्जाला वारसांचं पान जोडलं. दुसऱ्या पानाची प्रत लेकीने मागून घेतली. ती तिच्या टेबलावर आहे, प्रमाणपत्र अजून पाकिटातच.