एलीयाला आधी भाकर मिळाली

खचलेल्या माणसाला ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांत आधी काय मिळतं? वचन. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातलं २८ वं वचन व्हॉट्सअॅपवर येऊन पडतं, उपवास-प्रार्थनेचं बोलावणं येतं, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, विश्वास थोडा कमी पडतोय. वचन खरंच आहे. चुकतो तो क्रम. देवाने स्वतः हा क्रम कसा लावला ते पवित्र शास्त्रातल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात, एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत दिसतं, आणि निराशेतून उठायचं असेल तर तो अध्याय सावकाश वाचावा.

एलीया काही दुबळ्या विश्वासाचा नव्हता. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला होता. पाऊस आला तेव्हा अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला होता. मग तुला मारीन असा राणी ईजबेलचा एक निरोप आला आणि तो जीव घेऊन बैर-शेबापर्यंत पळाला, म्हणजे सरळ रेषेत धरलं तरी दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथे चाकराला मागे ठेवलं, आणखी एक दिवस रानात चालला आणि झुडपाखाली बसून मरण मागितलं. थकवा, पोटात अन्न नाही, मोठ्या कामानंतरची पोकळी, आणि सोबतीचा एक माणूस होता त्यालाही आपणच मागे ठेवलेलं. खचणं बऱ्याचदा असंच येतं.

यावर देवाकडून ना उपदेश आला, ना रागावणं. एलीया झोपला. देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. पुन्हा हात लावला, पुन्हा भाकर. कारण काय सांगितलं, तर पुढची वाट तुला झेपणार नाही. एवढंच.

म्हणून पहिल्या आठवड्यात आध्यात्मिक संकल्प करूच नयेत. झोपायची आणि उठायची वेळ ठरवावी, दोन वेळचं शिजवलेलं अन्न खावं, रोज थोडं उन्हात चालावं. पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना, असा नेम या अवस्थेत घेतला की तिसऱ्या दिवशी तो मोडतो आणि अपराधीपणाचं नवं ओझं डोक्यावर बसतं. उपासही नको. ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ (लेंट) चालू असला तरी नको. कॅथलिक नियमांतही आजाऱ्याला उपासातून सूट आहे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये: सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. प्रेषित पौलाच्या सोबतीला लूक होता, आणि कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

अंगात थोडी ताकद आली की मग बोलायचं. पुढे होरेब डोंगरावर देवाने एलीयाला विचारलं, तू इथे काय करतोस? त्याने गाऱ्हाणं मांडलं: तुझे संदेष्टे मारले, मी एकटाच उरलो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी देवाची मंद वाणी. पुन्हा तोच प्रश्न, आणि एलीयाने पुन्हा शब्दाला शब्द तेच गाऱ्हाणं सांगितलं. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं. आपण मात्र दुसऱ्यांदा तेच बोलणाऱ्याला गप्प करतो.

गाऱ्हाणं मांडायची रीत पवित्र शास्त्रातच आहे. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. सुरुवातीला १३ वं घ्यावं, कारण त्यात सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, माझे डोळे उजळ कर. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणं. हाच साचा वापरून आपला विलाप लिहायचा. वही आणि पेन घ्यावं. मोबाइल नको, मध्येच मेसेज येतात. आधी ते स्तोत्र एकदा मोठ्याने वाचावं. मग देवाला हाक मारणारी एक ओळ, तक्रारीच्या चार ओळी, मागणीच्या दोन, आणि भरवशाची जमली तर एक. पंधरा मिनिटं पुरे. लिहून झालं की आपलंच लिखाण मोठ्याने वाचावं, शेवटी आमेन म्हणावं आणि वही मिटावी. त्या दिवशी पुन्हा उघडू नये. ते उगाळत बसलं की विलाप राहत नाही, कुढणं होतं. कुढताना माणूस स्वतःशीच बोलत असतो, विलापात देवाशी बोलतो. फरक तिथे आहे.

बिघडतं ते बहुतेक तक्रारीच्या ओळींत. ‘प्रभू, माझं सगळंच वाईट चाललंय’ या ओळीत पकडायला काही नसतं. ‘प्रभू, तिसऱ्या मुलाखतीनंतरही फोन आला नाही, आणि रात्री जेवताना बाबा माझ्याकडे न बघता उठले’, असं लिहावं. बोट नेमकं दुखण्यावर ठेवलं की मागणीही नेमकी होते. दुसरी खोड भाषेची. ‘हे परमदयाळू, कृपासागर पित्या’ असं उपासनेतल्यासारखं सुरू केलं की खरं दुखणं त्या शब्दांमागे लपतं. देवाला आपण तू म्हणतो. आईला सांगतो त्या बोलीत सांगावं. वसईत घरी कादोडी ही तिथली बोली बोलणाऱ्याने कादोडीत लिहावं, वऱ्हाडी बोलणाऱ्याने वऱ्हाडीत.

भरवशाची ओळ सुचलीच नाही तर? रिकामी सोडावी, पण खोटी लिहू नये. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ४२ आणि ४३ या स्तोत्रांत ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद तीन वेळा येतं, कारण एकदा म्हणून मन वळलेलं नाही. आणि वधस्तंभावर प्रभू येशूने २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्याने हे स्वतः म्हटलं, त्याच्यासमोर आपल्या तक्रारीची लाज वाटायचं कारण नाही. माझ्या मते निराशेत धरून ठेवण्याजोगी याहून मोठी गोष्ट आपल्या विश्वासात नाही.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं उपकारस्तुतीचं वचन इथे हमखास पुढे केलं जातं. तिथे ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा असं आहे. लेकरू गेलं त्याबद्दल देवाचे आभार मान, असं त्यात कुठेही नाही.

मग येतं काम, पण बेताचं. एलीयाला तीन कामं मिळाली: हजाएलला अरामाचा राजा म्हणून अभिषेक, येहूला इस्राएलचा राजा म्हणून अभिषेक, अलीशाला आपल्या जागी संदेष्टा म्हणून अभिषेक. प्रत्यक्षात त्याने स्वतः जाऊन गाठलं ते अलीशालाच. बाकीची दोन पुढे अलीशाच्या हातून मार्गी लागली. खचलेल्या माणसानेही ठरलेल्यातलं एकच काम हाती घ्यावं. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा. केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं काम त्या १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत करत होत्या. दुःख आधी सरू दे, मग काम करू, असं म्हटलं असतं तर ते भाषांतर आपल्या हाती आलं नसतं.

‘मी एकटाच उरलो’ या एलीयाच्या गाऱ्हाण्याला उत्तर मिळालं ते सगळ्यात शेवटी: बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० जण अजून आहेत. भाकर, झोप आणि दोनदा ऐकून घेणं झाल्यावरच देवाने हा आकडा सांगितला. भेटायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. जाताना डब्यात वरणभात न्यावा, अर्धा तास बसावं, वाटलं तर एकच स्तोत्र वाचावं, आणि निघण्याआधी पुढच्या भेटीचा वार सांगून ठेवावा. ‘काही लागलं तर कळव’ म्हणू नये. खचलेला माणूस कळवत नाही.

आणि एलीयाला नुसता आकडा देऊन परत पाठवलं नाही. वाटेत शेतात बैलांच्या बारा जोड्या नांगरत होत्या. बाराव्या जोडीमागे अलीशा होता. माझ्यामागे ये, या अर्थाने एलीयाने जाता जाता आपला झगा त्याच्या अंगावर टाकला, आणि अलीशा बैल सोडून त्याच्यामागे धावत निघाला.