ठणका की रग : अ‍ॅक्युपंक्चरच्या पहिल्या सहा खेपा

सोमवार, रात्री

आज बेळगावला जाऊन अ‍ॅक्युपंक्चरची, म्हणजे सुया टोचण्याच्या चिनी उपचाराची, पहिली खेप घेतली. निपाणीच्या आत्याचा काल फोन आला होता. बिड्या वळून वळून तिची मान धरली आहे आणि पुढच्या महिन्यात तिलाही याच डॉक्टरांकडे आणायचे ठरले आहे. "सुया टोचतात म्हणजे नेमकं काय करतात गं, ते तू आधी बघून ये आणि मला सांग," असे ती म्हणाली. म्हणून जे घडेल ते या वहीत तपशिलाने लिहीत आहे.

माझा उजवा खांदा दिवाळीपासून आखडला आहे. वेणी घालता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि शाळेत फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचत नाही. खानापुरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून, रक्तातली साखर तपासून 'फ्रोझन शोल्डर' असे निदान केले होते. हा विकार चाळिशी ते साठीच्या दरम्यान अधिक आढळतो आणि मधुमेह असणाऱ्यांना जास्त होतो. मला दोन्ही लागू पडते. आजच्या डॉक्टरांनी बसायला सांगताच सर्वांत आधी हेच कागद मागितले, तेव्हा निदान आधीच झालेले असणे किती महत्त्वाचे आहे ते कळले. मागे एका ठिकाणी चौकशीला गेले होते, तेथे कागद न पाहताच साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगण्यात आले होते. मी त्या पायरीवरूनच परत फिरले, आणि ते योग्यच झाले.

सुई दिसेपर्यंत पाऊण तास गेला. झोप कशी लागते, पहाटे किती वाजता जाग येते, घाम येतो का, तहान लागते का, पोट साफ होते का, पाळी केव्हा थांबली, खांद्याला शेक बरा वाटतो की गार, पावसाळ्यात दुखणे वाढते का, असे प्रश्न एकामागून एक आले. नंतर त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली. आपले वैद्यही तीन बोटांनीच नाडी पाहतात, पण चिनी पद्धतीत प्रत्येक बोटाखाली वेगवेगळ्या अवयवांचा अंदाज घेतात. मग जीभ दाखवायला सांगितली आणि विचारले, "बाई, आज जीभ खरवडून आलाय काय?" मी रोजच्या सवयीने खरवडली होती. जिभेवरचा थर कसा आहे, पातळ की जाड, पांढरा की पिवळा, यावरून त्यांना बरेच कळायचे असते. आत्यासाठी नोंद : त्या दिवशी जीभ खरवडू नये, येण्याआधी कॉफी पिऊ नये आणि पानही खाऊ नये.

आता सुईविषयी. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध सोडायचे असते. ही सुई भरीव असते आणि तिच्यातून काहीही शरीरात जात नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे जाड केसाच्या दोन-तीन पट. प्रत्येक सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडले, आणि काम झाल्यावर त्या सर्व सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात टाकल्या. हे प्रत्येक नव्या रुग्णाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि दिसले नाही तर संकोच न करता विचारावे. छोट्या नळीत सुई ठेवून वरून बोटाने टिचकी मारतात. डास चावल्याइतके जाणवते, काही ठिकाणी तेवढेही नाही.

जागा मोजण्याची रीत मला फार आवडली. चिनी मापात 'छुन' नावाचे एकक आहे, आणि ते प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीएवढे धरतात. चार बोटे एकत्र धरली की तीन छुन होतात. आपण 'चार अंगुळे' म्हणतो, तसेच हे. गुडघ्याच्या वाटीखाली माझीच चार बोटे ठेवून, नडगीच्या किंचित बाहेरच्या बाजूला त्यांनी एक जागा शोधली. तिचे नाव 'त्सूसानली', म्हणजे 'पायाचे तीन ली'. ली हे चिनी अंतराचे माप; थकलेला वाटसरू येथे उपचार घेतल्यावर आणखी तीन ली चालू शकतो, अशी त्या नावामागची जुनी समजूत आहे. या पद्धतीत शरीरभर चौदा वाहिन्या (रक्तवाहिन्या नव्हेत, मानलेले मार्ग) आहेत आणि त्यांवर सुईच्या ३६१ जागा.

सर्वांत अवघड भाग सुई आत गेल्यावर आला. डॉक्टर सुई बोटांत हलकेच फिरवत विचारू लागले, "आता काय वाटतंय?" मी म्हणाले, "दुखतंय." त्यांनी मान हलवली. ते कन्नड भाषक आहेत, पण बेळगावचे असल्याने मराठी उत्तम बोलतात. ते म्हणाले, "नोवु नको सांगू बाई, नोवु सगळ्यांनाच असतो. कसं दुखतंय ते सांगा की. जोमु आल्यासारखं काय?" कन्नडमध्ये नोवु म्हणजे दुखणे, आणि जोमु म्हणजे मुंग्या येणे किंवा बधिर होणे. चिनी वैद्य या जाणिवेला 'त-छी' म्हणतात आणि तिचे वर्णन चार शब्दांत करतात : आंबल्यासारखे होणे, मुंग्या येणे, फुगल्यासारखे ताठणे आणि जड होणे. यातले काहीतरी जाणवले तर सुई योग्य जागी आहे असे ते समजतात. तीक्ष्ण कळ किंवा जळजळ झाली, तर मात्र सुई लगेच मागे घ्यायची असते.

तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या मला त्या क्षणी 'दुखतंय' यापलीकडे शब्द सुचला नाही, याचे फार वाईट वाटले. आपल्याकडे ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, सणक आहे, ठुसठुस आहे, शिणवटा आहे, रग आहे. आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ठणका गळवाला लागतो, चमक बरगडीत भरते, सणक दाढेतून डोक्यात जाते. लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून भाताची रोपे लावल्यावर कमरेला लागते ती रग. मी जरा थांबून सांगितले, "रग लागल्यासारखं वाटतंय, आणि आतून जड." डॉक्टरांनी तेथेच बोट थांबवले आणि म्हणाले, "बरोबर. आता सोडतो."

त्यानंतर पंचवीस मिनिटे दिवा मंद करून मला पडून राहू दिले. मला झोप लागली.

मंगळवार

दंडावर वाटाण्याएवढा निळा डाग आहे. कधीकधी असा डाग पडतो आणि काही दिवसांत जातो, हे त्यांनी आधीच सांगितले होते. खांदा होता तसाच आहे. काल परतताना चक्कर आल्यासारखे झाले, ती चूक माझीच, कारण पहिली बस धरायच्या घाईत मी नाश्ता केला नव्हता. रिकाम्या पोटी सुया घेतल्यास घेरी येऊ शकते.

गुरुवार, तिसरी खेप

आज नडगीत, गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मधोमध, एक लांब सुई घातली आणि ती फिरवत असताना मला हात हळूहळू वर उचलायला सांगितले. दुखणे खांद्यात आणि सुई पायात, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. पण हात कालच्यापेक्षा दोन बोटे वर गेला, हे शेजारच्या मावशींनीही पाहिले.

नंतर शेक दिला, त्याचे वर्णन करायलाच हवे. सुकवलेल्या पानांची जाड कांडी पेटवून ती कातडीपासून दोन-तीन बोटांवर धरतात. ती पाने आपल्या दवण्याच्याच कुळातील एका झुडपाची असतात, हे ऐकून मला जोतिबाच्या डोंगरावरची चैत्रातली यात्रा आठवली. धूर मात्र उग्र आहे. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाने हा शेक घेताना विशेष जपले पाहिजे, कारण चटका कळत नाही. डॉक्टरांनी माझ्या तळपायाला कापूस लावून जाणीव तपासली आणि मगच कांडी पेटवली.

शनिवार, चौथी खेप

पाऊस. गाडी उशिरा. विशेष काही नाही.

पुढचा गुरुवार, सहावी खेप

आज मी सरळ विचारले की, याचा उपयोग होतो हे सिद्ध झाले आहे का. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. २०१८ साली जवळपास २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोकेदुखी अशा जुनाट दुखण्यांत हा उपचार न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांना स्पष्ट आराम पडला. मात्र खोट्या जागी किंवा खोट्या सुया लावलेल्यांशी तुलना केली तेव्हा फरक बराच लहान होता, पण होता. ते पुढे म्हणाले की फ्रोझन शोल्डर एक ते तीन वर्षांत बहुधा आपोआपही सैल होतो, त्यामुळे सगळे श्रेय सुयांना देऊ नये आणि भिंतीवर बोटे चालवत नेण्याचा व्यायाम एकही दिवस सोडू नये. या स्पष्टपणामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

त्यांच्या खोलीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे छायाचित्र आहे. सोलापूरचे हे शल्यचिकित्सक १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. ते सुयांचे वैद्य नव्हते, ते आधुनिक शस्त्रक्रिया करीत. त्यांच्याच पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. हा धागा मला आज प्रथमच कळला.

आता हात कानापर्यंत पोचतो. केसांचा अंबाडा अजून जमत नाही. रात्री मात्र सलग पाच तास झोप लागते आहे.

आत्याला फोन करून सांगितले : सैल बाहीचा ब्लाउज घाल, भाकरी खाऊन नीघ, सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे बसताक्षणीच सांग, आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. काकांच्या छातीत पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र) आहे, तेही उपचार घ्यायचे म्हणतात; काही वेळा सुयांना सौम्य वीज जोडतात, तर मला ती जोडू नका असे त्यांनी डॉक्टरांना आधी बजावले पाहिजे. ती सगळे ऐकून म्हणाली, "बाकी कळलं. पण माझी मान दुखत नाही गं, ती भरून येते. असं सांगितलं तर चालेल काय?"

मी म्हणाले, अगदी तसेच सांग.