तुम्ही विचारलंत म्हणून: बरी चाललेली नोकरी सोडू का?

"मॅडम, चाकणला ऑफर आलीये, पॅकेज चांगलं वाढतंय, पण इथे सगळं सेट आहे, काय करू?" नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत पेरोल बघते म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो, भाच्याकडून, जुन्या ट्रेनी पोरांकडून, आणि फोनवर घाईत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

पॅकेज सोडा, इन हँड किती ते विचारा. सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा हिस्सा धरलेला असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) पण, आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, तर मिळेल तेव्हा खरं. मग त्यातून तिकडचं भाडं, डिपॉझिट, मेस, दर शनिवारी नाशिकला यायचा खर्च काढा. आत्ता घरचा डबा घेऊन वीस मिनिटांत गेटवर पोचताय, त्याचेही पैसे धरा ना, ते कुणी धरतच नाही.

परमनंट असाल आणि साडेचार वर्षं झाली असतील तर पाच पूर्ण होईपर्यंत थांबता येतंय का बघा, कारण ग्रॅच्युइटी सहसा पाच वर्षं झाल्यावरच मिळते आणि ती मुख्यतः शेवटच्या बेसिक-डीएवर (मूळ पगार आणि महागाई भत्ता) निघते, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं, म्हणजे ३०,००० धरले तर पाच वर्षांचे साधारण ८६,५०० होतात. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सर्व्हिस लागते.

पण मी सगळ्यात जास्त अडून बसते ती मेडिक्लेमवर. समजा तुमच्या वडिलांना शुगर आहे, आईचं बीपी आहे आणि आत्ताच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघंही आहेत, तर नवीन ठिकाणी आई-वडील कव्हर होतात का हे सही करायच्या आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी फक्त बायको-मुलं असतात. ग्रुप पॉलिसीत जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरतात, तेच स्वतः बाहेरून पॉलिसी घेतली तर ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, आणि तेवढ्यात एक ॲडमिशन झालं तर वाढलेला पगार त्यातच जातो.

कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा असं जे सरसकट सांगतात ते मला अजिबात पटत नाही. घरी आजारी माणूस आहे आणि साहेब एका फोनवर सोडतात, तर त्या सोयीवर एक अख्खं घर चाललेलं असतं, तिथे राहण्यात कमीपणा कसला? मात्र राहायचं कारण फक्त "इथे कुणी काही विचारत नाही" एवढंच असेल, चार वर्षं तेच इन्स्पेक्शन रिपोर्ट भरताय, सीएमएमवर (पार्टची अचूक मापं घेणारं मशीन) अजून हात बसलेला नाही, आणि तिकडे ते काम मिळतंय, तर पंचविशी-तिशीतल्या पोरांना मी जाच म्हणते, पगार फार वाढत नसला तरी. पस्तिशीनंतर इंटरव्ह्यूत काय येतं हेच विचारतात आणि तेव्हा उत्तर नसलं की माणूस फार खचतो, मी समोर बसून बघितलंय.

आणि जायचं ठरलंच तर ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. इथली नोटीस ९० दिवसांची आणि त्यांना माणूस महिन्यात हवाय असं असेल तर बायआउटचे, म्हणजे उरलेल्या नोटीसच्या बदल्यात भरायचे, पैसे कोण भरणार हे मेलवर लिहून घ्या, तोंडी "बघू, करू"वर जाऊ नका.