रात्रीच्या प्रार्थनेला किती पुस्तकं लागतात?

कॅथलिक चर्चच्या दिवसभराच्या प्रार्थनांमधली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात आटोपशीर प्रार्थना म्हणजे कॉम्प्लिन. आपल्याकडची शेजारतीच म्हणा. दिवसभरात काय चुकलं ते आठवायचं, एक गीत, एक-दोन स्तोत्रं, बायबलमधल्या दोन ओळी, म्हाताऱ्या शिमोनाचं ‘आता तुझ्या दासाला शांतीनं जाऊ दे’ आणि शेवटी मारियामातेला साद. गाऊन म्हटली तरी पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. एवढ्याशा प्रार्थनेला एक चोपडी पुरावी. पण आम्हा काही मित्रमंडळींना ती लॅटिनमध्ये, ग्रेगोरियन चालीत, म्हणजे चर्चच्या जुन्या गानपद्धतीत, गायची हौस आली आणि कपाटातली जागा कमी पडायला लागली.

चौकशी केली की पहिलं नाव सगळे एकच सांगतात: लिबर उसुआलिस. फ्रान्समधल्या सोलेमच्या बेनेडिक्टाइन मठात तयार झालेला हा ग्रंथ 1896 साली पहिल्यांदा निघाला आणि 1960 च्या दशकापर्यंत त्याच्या आवृत्त्या येत राहिल्या. मांडीवर घेऊन बसलं की पायाला मुंग्या येतात. आत पाचाऐवजी चारच रेघा, त्यांवर चौकोनी सूर. पण रविवारची कॉम्प्लिन अथपासून इतिपर्यंत सलग छापलेली, शोधाशोध नाही. स्तोत्राच्या ओळींत काही अक्षरं ठळक आणि काही तिरकी असतात. सगळी ओळ एकाच सुरावर म्हणत जायची, तिरकी अक्षरं आली की वळायची तयारी करायची आणि ठळक अक्षरावर वळायचं. इतकी सोय पाहिल्यावर नवख्या माणसालाही धीर येतो.

तरी पहिल्याच बैठकीला घोळ झाला. लिबर जुन्या प्रार्थनाक्रमाचं. एकाच्या फोनवर मात्र 1971 पासूनचा नवा क्रम आणि 1979 सालच्या सुधारित लॅटिन बायबलमधली स्तोत्रं. मराठी बायबलमधलं 91 वं स्तोत्र लॅटिन पुस्तकांत 90 वं असतं, तो आकड्यांचा गोंधळ निस्तरून आम्ही गायला सुरुवात केली. अर्धेजण ‘क्वी हाबितात इन अद्युतोरिओ’, अर्धे ‘क्वी हाबितात इन प्रोतेक्त्सिओने’. तीन शब्दांतच फाटे फुटले. अक्षरं वेगळी की चालीचं वळण वेगळ्या जागी, म्हणजे नुसते शब्द बदलूनही भागत नाही.

गीताची तऱ्हा याहून मजेदार. ‘ते लूचिस आन्ते तेर्मिनुम’, प्रकाश सरण्याआधी आम्ही तुला विनवतो, हे फार जुनं गीत. पोप आठवा उर्बान स्वतः लॅटिनमध्ये कविता करणारा. त्याच्या काळात, 1632 मध्ये, जुनी गीतं अभिजात लॅटिनच्या वळणावर आणण्यासाठी दुरुस्त करून घेतली गेली, त्यात हेही सापडलं. मठातल्या साधूंनी आपला जुना पाठ सोडला नाही. नव्या क्रमात पहिलं कडवं पुन्हा जुन्या वळणावर आलं, पण दुसऱ्या कडव्यातली वाईट स्वप्नं आणि रात्रीची भुतं पार गेली. तिथं आता ‘झोपेतही आमच्या मनाला तुझीच स्वप्नं पडोत’ असं काहीसं आहे. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण मला ती भुतंच बरी वाटतात. दिवा मालवताना माणूस कशाला घाबरतो, हे जुन्या कवीला पक्कं ठाऊक होतं.

नवा पाठ गायचा तर गीतासाठी 1983 चं लिबर हिम्नारिउस, स्तोत्रांसाठी दुसरं पुस्तक, शेवटच्या मारियागीतासाठी तिसरं. सगळं एकत्र हवं तर फ्रान्समधल्या सेंट मार्टिन समुदायाचा तीन खंडांचा लॅटिन-फ्रेंच संच आहे. तो मागवायचा झाला तर आधी टपालखर्च बघून घ्यावा. इंग्रजीत गाणाऱ्यांसाठी 2007 सालचं मंडेलाइन सॉल्टर हे स्तोत्रांचं पुस्तक आहे. त्यातल्या चाली सोप्या आहेत.

खरं म्हणजे ही पुस्तकांची भानगड मूळची नाहीच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं आपल्या नियमावलीत कॉम्प्लिनला रोज तीच तीन स्तोत्रं लावून दिली: मराठी बायबलच्या आकड्यांत 4, 91 आणि 134, तीही मधे ध्रुवपद न घेता, सरळ. रोज तेच म्हणणाऱ्याला अंधारात पुस्तक कशाला लागेल? रोमच्या क्रमातही शतकानुशतकं रोज ठरलेलीच स्तोत्रं होती. 1911 मध्ये पोप दहाव्या पायसनं सगळी स्तोत्रं आठवडाभर नव्यानं वाटली आणि कॉम्प्लिनलाही रोज वेगळी आली. हेतू चांगला होता, पण पाठांतराची सद्दी संपली. गोव्यात क्रुसापुढे लॅटिन लितानी गाणाऱ्या आज्यांना विचारा, पुस्तक कुठं ठेवलंय म्हणून. हसतील.

नव्या क्रमानं मात्र एक पळवाट ठेवली आहे: कुठल्याही रात्री रविवारची कॉम्प्लिन चालते. आम्ही तीच धरली. लिबरच्या जुन्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातली लागतील तेवढी पानं छापून घेतली, वर्षाच्या वेगवेगळ्या काळांत म्हणायची चारही मारियागीतं मागं जोडली. त्यातल्या ‘साल्वे रेजिना’ची साधी चाल घेतली, थाटाची सणासुदीला. कोणतं पुस्तक घेऊ, असं विचारणाऱ्याला मी आता आधी विचारते की रोज गाणार की कधीमधी. रोज गाणाऱ्याला जाड पुस्तक सुचवण्यात अर्थ नाही.

मराठीचा प्रश्न उरतोच. लॅटिन चाल आघाताच्या अक्षरावर वळते. मराठीत तसा ठसठशीत आघात नाही, त्यामुळे ती चाल मराठी ओळीवर चढवली की भलत्याच अक्षराला हेलकावा बसतो. त्यापेक्षा ओवी बरी. 1616 साली छापलेलं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण ओवीतच आहे. आमच्यातल्या एकीनं 134 वं स्तोत्र ओवीत बसवलं. तीनच वचनांचं, चटकन बसलं. 91 व्याला सोळा वचनं आहेत. ‘परात्पर’ शब्द कुठल्या चरणात टाकायचा यावर सध्या तिचं नि माझं पटत नाही, म्हणून तूर्तास ते लॅटिनमध्येच चालू आहे.