आमची वाटचाल : कानाच्या ठशापासून सुरांच्या जुळणीपर्यंत

मिरज हे गाव दवाखान्यांसाठी जितके ओळखले जाते, तितकेच सतारमेकर मंडळींनी पिढ्यानपिढ्या घडवलेल्या सतारी आणि तंबोऱ्यांसाठीही. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गायक-वादकांसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर, म्हणजे मंचावरचा आवाज थेट कानात ऐकवणारी छोटी उपकरणे, घडवण्याच्या आमच्या व्यवसायाचा या दोन्ही बाजूंशी संबंध आहे. सुरुवातीला आम्ही केवळ श्रवणयंत्रांचे इअरमोल्ड, म्हणजे कानात बसणारे भाग, तयार करीत होतो. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) रुग्णाच्या कानाचा ठसा येई आणि त्यावरून आम्ही अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड घडवत असू. मोल्ड किंचित जरी सैल बसला तरी श्रवणयंत्र शिट्टी वाजवू लागते, त्यामुळे कानात हवा निसटणार नाही आणि कुठे टोचणारही नाही अशी बैठक कशी साधायची, हे आम्ही त्या कामातच शिकलो.

पुढे मंचावर कानातले मॉनिटर वापरणारे गायक-वादक आमच्याकडे येऊ लागले. तयार मिळणारी रबरी टोके गाता गाता सैल होतात आणि डग्ग्याचा खर्ज ऐकू येईनासा होतो, ही त्यांची मुख्य अडचण होती. यावरचा उपाय जगात आधीच रूढ झालेला होता. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचे ध्वनिअभियंते जेरी हार्वे यांनी १९९५ च्या सुमारास ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचे मॉनिटर केले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. अशा मॉनिटरांमध्ये सर्रास वापरले जाणारे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे सूक्ष्म घटक, तर आमच्या ओळखीचेच होते, कारण श्रवणयंत्रातही तेच असतात.

आमच्या मते ट्यूनिंगची, म्हणजे मॉनिटरच्या आवाजाच्या जुळणीची, सुरुवात ठशापासूनच होते. ऑडिओलॉजिस्ट आधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवतात आणि मग पिचकारीने सिलिकॉन भरतात. ठसा दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचलाच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. कारण मॉनिटर उथळ बसला की गायकाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येतो. जबडा हलला की नलिकेचा आकार बदलतो, म्हणून सिलिकॉन घट्ट होईपर्यंत दातांत ठोकळा धरून तोंड उघडे ठेवावे लागते. तोंड मिटून घेतलेल्या ठशावरून केलेला मॉनिटर बोलताना ठीक वाटतो, पण तार सप्तकातल्या ताना घेताना जबडा पूर्ण उघडला की हवेला वाट मिळते आणि खालचे स्वर नाहीसे होतात. असा ठसा आला तर आम्ही तो परत पाठवतो.

ठसा छाटून, त्यावर मेणाचा पातळ थर देऊन, पारदर्शक सिलिकॉनमध्ये त्याचा साचा काढला जातो. साच्यात द्रवरूप रेझिन ओतून तो अतिनील प्रकाशात ठेवला की कडेचा थर आधी घट्ट होतो. मग आतले पातळ रेझिन ओतून काढले की पोकळ शेल हाती येते. हवेतील ऑक्सिजनमुळे पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून शेल ग्लिसरीनमध्ये बुडवून पुन्हा प्रकाशाखाली ठेवावे लागते. या टप्प्यात आम्ही घाई करू देत नाही, कारण कच्चे राहिलेले रेझिन त्वचेला त्रास देऊ शकते.

यानंतर ड्रायव्हर, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरांकडे वाटून देणारी जोडणी) आणि आवाज कानापर्यंत नेणाऱ्या नळ्या बसतात. उघड्या कानाची नलिका सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज नैसर्गिकरीत्या वाढवते. मॉनिटरने ती बंद झाली की ही वाढ नाहीशी होते, म्हणून तो उठाव ट्यूनिंगमध्ये परत द्यावा लागतो. नळी लांब केली की तिचा अनुनाद खालच्या कंपनसंख्येकडे सरकतो, आणि नळीतल्या बारीक जाळीच्या डँपरने तो सपाट करता येतो. डँपरचे रंग ठरलेले आहेत : तपकिरी १०००, हिरवा १५०० आणि लाल २२०० अकौस्टिक ओहम (ध्वनीला होणाऱ्या अडथळ्याचे एकक; आकडा मोठा तितका अडथळा अधिक). तंबोरा कानाशी ठेवून गाणाऱ्या कलाकारासाठी आम्ही बहुधा तपकिरीच्या जागी हिरवा डँपर घालून पाहतो, कारण जवारीतून (तारेखालच्या घोडीच्या घासून घडवलेल्या पृष्ठभागातून) निघणारे वरचे स्वरांश जास्त टोकदार झाले तर तासाभराच्या मैफलीत कान थकतात; मात्र तेच फार दाबले तर तंबोरा निर्जीव वाटतो. आमच्या गल्लीतले कारागीर जवारी लावताना कानस फिरवून पुन्हा पुन्हा तार छेडून ऐकतात, तसेच हे काम आहे.

मोजमाप अर्थातच होते. कानाची नक्कल करणाऱ्या कपलरवर २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा स्वर फिरवून दोन्ही बाजूंचे आलेख एकावर एक ठेवले जातात आणि डाव्या-उजव्यात एक डेसिबलपेक्षा अधिक फरक आढळला तर ती जोडी पुन्हा उघडली जाते. परंतु कपलरचा स्वतःचा अनुनाद ८००० हर्ट्झच्या आसपास दिसतो आणि मॉनिटर किती खोल बसला आहे त्यानुसार सरकतो, त्यामुळे त्या भागातला अंतिम निर्णय ग्राहकाच्या कानावरच सोडावा लागतो. ड्रायव्हरची संख्या वाढवत नेण्याच्या स्पर्धेत आम्ही उतरलेलो नाही. अनेक ड्रायव्हरांचे स्वर क्रॉसओव्हरपाशी एकमेकांना छेद देऊ लागले तर नीट जुळवलेले दोनच ड्रायव्हर गायकाला अधिक उपयोगी पडतात, असे आमचे ठाम मत आहे.

इअरमोल्डचे काम आजही त्याच बाकावर चालते. मॉनिटर हाती दिल्यावर पहिल्या महिन्यात टोचणारी जागा घासून देणे किंवा सैल जागा भरून देणे आम्ही विनामूल्य करतो. सोबत आवाजाची पातळीही समजावून सांगतो : ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबल वाढीगणिक तो वेळ निम्मा होतो. बैठक घट्ट असली की बाहेरचा गोंगाट अडतो आणि गायक आपणहून आवाज कमी करतो. वजनात मोठा फरक पडलेल्या ग्राहकांच्या बाबतीत जुना ठसा चालत नाही, त्यांना आम्ही नव्याने ठसा द्यायला सांगतो.